बनाबाईचा चालू धंदा

गंगावेशीत दूध प्यायला जायचं म्हणजे म्हशीसमोर जाऊन उभं राहायचं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा, ही आमच्या कोल्हापूरची रीत. घरून काढून आणलेलं दूध आम्हाला चालत नाही, आणि पाणी घातलंय का, असं तोंडावर विचारायला लाजही वाटत नाही. वेशीतल्या दूधकट्ट्यावर प्रत्येक म्हशीची जागा ठरलेली. कोपऱ्यावरची जागा पिराजी गवळ्याच्या हरणीची.

पिराजी वारला तेव्हा वाटलं, ती जागा आता रिकामी होणार. पण सुतक फिटताच त्याची बायको बनाबाई हरणीला घेऊन हजर झाली आणि पदर खोचून धारेला बसली. बाईमाणूस कट्ट्यावर म्हणून थोडे दिवस कुजबुज झाली. मग कुजबुजणारेच आधी पेला पुढं करू लागले. आम्ही कोल्हापूरकर मताचे पक्के, पण दुधापुढं नाही. तरी सगळे म्हणायचे, 'पिराजीकडं दूध पिऊन आलो.' तीसुद्धा विचारलं की सांगायची, "मालकांचा धंदा हाय, मी आपली सांभाळत्या." घरी आंधळी सासू आणि ही. दोघींचं पोट त्या एका म्हशीवर.

चोपन्न साली नगरपालिकेची नोटीस आली. पिराजी गवळी यांच्या दुधाच्या धंद्यावरचा कर कित्येक वर्षं थकलेला, तो भरावा. नोटिशीत खोटं काही नव्हतं. एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं, तेव्हा पिराजीनं मनाशीच ठरवून टाकलं होतं, की राजाच राहिला नाही तर कर कुणाला द्यायचा? चौघांनी समजावलं, पण ऐकेल तर पिराजी कसला! "मागतील तवा बघू की," म्हणायचा. मागितलं तेव्हा बघायला तो नव्हता. रक्कमही अशी, की हरणी विकली तरच फिटावी.

बनाबाई नोटीस घेऊन गणपतरावांकडं गेली. गणपतराव वकिलाकडं कारकून आणि कट्ट्यावरचे माझ्यासारखेच रोजचे गिऱ्हाईक. वकिलाची छत्री धरून धरून यांनाही वकिली आली होती. नोटीस डोळ्यांसमोर धरून ते म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. नवरा गेला, त्याच्याबरोबर धंदा बंद झाला, असं लिहून द्या. बंद धंद्यावर कसला कर?"

"पर मी तर रोज बसत्या की कट्ट्यावर."

"ते कशाला सांगायला जातासा?"

त्यांनी लिहिलं, तिनं अंगठा उठवला. आम्हालाही वाटलं, गणपतराव म्हणजे हुशार माणूस. पुढं बरेच दिवस काही आलं नाही. मग आलं ते जप्तीचं फर्मान. धंदा बंद आहे, तेव्हा मयताची जी मालमत्ता असेल ती ताब्यात घेऊन वसुली करावी.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बनाबाईनं हरणीला कळंब्याला भावाकडं नेऊन बांधलं. जोतीराम त्याचं नाव. "कोन बी इचारलं तर तुझी म्हस म्हनून सांग," असं त्याला बजावून ती परत आली. हरणी मागं वळून ओरडत होती, तिकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुपार कलल्यावर नगरपालिकेच्या वसुलीचे नृसिंहराव शिपायाला घेऊन तिच्या दारात आले. वाळका माणूस, आवाज कधी चढायचा नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. गोठा रिकामा होता, पण शेण ओलं होतं. त्यांनी ते पाहिलं. "जरा कट्ट्यावर जाऊन विचारू," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. बनाबाई मागोमाग गेली. घरात बसवेना म्हणून गेली, दुसरं काय!

कट्टा भरला होता. कोपऱ्यावरची जागा तेवढी मोकळी. नृसिंहरावांनी एकेका गवळ्याला विचारलं, पिराजीची म्हैस कुठं आहे? एरवी पार वेशीबाहेर ऐकू जाईल असं बोलणारी ही माणसं, पण त्या दिवशी जो तो खाली मान घालून आपल्याच म्हशीची धार काढू लागला. गणपतराव बनाबाईच्या शेजारी सरकून पुटपुटले, "गप ऱ्हावा. काय बी बोलू नगासा."

आणि रस्त्यावर गलका झाला. एक टांगेवाला शिव्या देत बाजूला झाला, सायकलवाला पडता पडता वाचला, आणि मधून हरणी आली. गळ्यात तुटकं दावं लोंबत होतं. कास तट्ट फुगली होती, सडांतून दूध ठिबकत होतं. कुणाकडं न बघता ती सरळ कोपऱ्यावर गेली, आपल्या जागेवर उभी राहिली आणि मान वळवून ओरडली.

"कुणाची ही म्हैस?" नृसिंहरावांनी विचारलं.

जो तो आपापल्या म्हशीच्या आड सरकला.

"मालक नसेल तर कोंडवाड्यात घाला," ते शिपायाला म्हणाले.

शिपायानं दावं धरलं. हरणी जागची हलेना. त्यानं ओढलं, मग शेपटी पिरगाळली. ती कळवळून ओरडली, पण पाय रोवून तशीच उभी राहिली. कोंडवाड्यात तिची धार कोण काढणार? तटलेली कास रात्रभर तशीच राहिली तर दगडासारखी होते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. गणपतरावांनी बनाबाईचा पदर ओढला.

तिनं तो हिसडून सोडवला.

"सोड तिला!" बनाबाई ओरडली. "माझी म्हस हाय ती!"

"तुम्ही तर धंदा बंद झाला म्हणून अंगठा दिलाय," नृसिंहराव म्हणाले.

"दिलाय. खोटा दिलाय. मालक गेल्यापास्नं हितंच बसत्या मी. काय करायचं ते करा, म्हस न्यायची तर न्या. पर आधी धार काढू द्या."

ती खाली बसली. भांडं आणलेलं नव्हतं, मीच कुणाचे कुणाचे पेले पुढं केले. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. हरणीनं लगेच पान्हा सोडला. पेले भरत गेले तसे हातोहात पुढं सरकत गेले. एक कुणीतरी नृसिंहरावांच्याही हातात दिला.

त्यांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "बाई, बंद धंद्याला जप्ती असते. चालू धंद्याला हप्ते बांधून देता येतात. हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

सगळ्यांनी गणपतरावांकडं पाहिलं. ते खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करण्यात गुंतले होते.

"उद्या कचेरीत या. नवीन अर्ज करावा लागेल. धंदा कुणाचा म्हणून लिहू?"

"पिराजी..." सवयीनं तिच्या तोंडून आलं.

"चालवतं कोण?"

बनाबाईनं हरणीच्या पाठीवर हात ठेवला. "मी चालवत्या," ती म्हणाली. "बनाबाई गवळी, असं लिवा."

नृसिंहरावांनी मान डोलावली, उरलेलं दूध संपवलं, पेला कट्ट्यावर ठेवला आणि निघाले.

"पावणं!" मागून आवाज आला. ते वळले.

"धंदा चालू हाय म्हनालासा न्हवं?" बनाबाईनं हात पुढं केला. "मग पेल्याचं पैसं द्या की."

नृसिंहरावांनी खिशात हात घातला आणि एक नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते नाणं कपाळाला लावलं आणि कनवटीला खोचलं.