खालचा पाना

"तिला काय इचारतोस रं, ती इंग्लिशमधी सांगंल," काका म्हणाला, आणि फिटर पाना हातात धरून हसला.

मी पडवीच्या पायरीवर बसले होते, जीपपासून चार पावलांवर. फिटरनं मला एवढंच विचारलं होतं, "तुजे बाबा ह्यो टप कसा उतरवायचे गं?" उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. काका हसला आणि मी ते गिळलं. पुण्याच्या इंग्रजी शाळेत मला ठेवलं बाबांनी, पण त्याचा हिशेब सुटीत घरी आले की मलाच द्यावा लागायचा. नीट मराठी बोलले तर पुस्तकातलं बोलते म्हणून हसायचे, अडखळले तर मड्डम म्हणायचे. म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. गप्प माणसाला ऐकूही येत नाही, असा लोकांचा समज असतो. मला सगळं ऐकू यायचं.

जीप बाबांची. लष्कराच्या लिलावातून आलेली, माझ्याहून वयानं मोठी. तिच्यावर छपरासारखा लोखंडी पत्र्याचा टप होता, सहा बोल्टांनी बसवलेला. मृगाच्या आधी तो चढायचा आणि दिवाळीनंतर उतरायचा, दर वर्षी. मग बाबा अंथरुणाला खिळले आणि टप तसाच राहिला. भाद्रपदात बाबा गेले. तोवर बोल्टांनी तीन पावसाळे खाल्ले होते. कुठं बोल्ट संपतो आणि कुठं पत्रा सुरू होतो तेही कळत नव्हतं.

आता काकाला तो टप संध्याकाळच्या आत उतरवून हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाचं लग्न होतं. घरात मयत झालं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. बाबा गेले म्हणून लग्नाची घाई, आणि बाबा गेले म्हणून जीप रिकामी. दोन्ही गोष्टी काकाच्या सोयीच्या झाल्या. वरात उघड्या जीपमधून निघायची, सगळ्या गावाला नवरदेव दिसला पाहिजे. "नवरा काय डब्यात घालून न्यायचा?" असं तो सकाळपासून तीनदा म्हणाला होता आणि तिन्ही वेळा स्वतःच हसला होता. "वैनी, जीप नेतो हां," असं त्यानं अंगणातून ओरडून सांगितलं. आई दारामागून "न्या" म्हणाली. झालं.

काकीनं बोनेटला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात आई फिटरसाठी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"ताई, तुमी आतच ऱ्हावा ना," काकी हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू. "गाडीला हळद लागलीय आता. बरं नाय दिसत."

आईनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती आत गेली. काकीचा राग आला त्याहून जास्त मला आईचा आला, आणि तो तांब्या उचलून फिटरला नेऊन देणाऱ्या माझा स्वतःचा त्याहून जास्त.

फिटर कुंभिवलीच्या गॅरेजमधला, हायवेवरचे ट्रक दुरुस्त करणारा. त्यानं बोल्टांवर रॉकेल ओतलं आणि ते मुरायची वाटही न बघता पाना लावला. दोन बोल्ट निघाले. आणखी दोनांची डोकी तुटली. मी मनात मोजत होते. बाबा असं कधीच करायचे नाहीत. रॉकेल आदल्या दिवशी घालायचं. बोल्ट सोडायचा असेल तर आधी केसभर आवळायचा. आतला गंज कट् करून तुटला की मग उलटा फिरवायचा. हे मला सातव्या वर्षापासून माहीत होतं, आणि मी ते सांगत नव्हते.

राहिले मागचे दोन. त्यांचे नट चाकावरच्या पेटीमागं, एका चिंचोळ्या फटीत. तिथं नजर पोचत नाही, फक्त हात पोचतो. फिटर वरून बोल्ट फिरवायचा आणि खाली नटही त्याच्याबरोबर फिरायचा. त्यानं फटीत हात घालून पाहिला, मूठ अडकली. काकाचा पंजा तर त्याहून जाड.

"तू घाल गं," काका काकीला म्हणाला.

"वा! काल चुडा भरलाय मी. एक बांगडी फुटली म्हंजी?"

ही फट मला ठाऊक होती. दर वर्षी आई पदर खोचून जीपच्या तळाशी आडवी व्हायची, बांगड्या वर सरकवून त्यांवर रुमाल बांधायची आणि कोपरापर्यंत हात आत घालून खालच्या पान्यानं नट धरायची. वरून बाबा विचारायचे, "धरलास?" खालून ती म्हणायची, "धरलाय, फिरवा." मध्येच ओरडायची, "थांबा ओ, सरकतोय!" बाबा थांबायचे. बाबा कुणाचं ऐकून थांबलेले मी तेवढेच पाहिले.

"छिन्नी मार," काका म्हणाला. "पत्राच काप कडंनी."

"मग ह्यो टप परत बसायचा नाय, शेट."

"बसवायचाय कुणाला? गाडी आता माज्या दारात ऱ्हाणार. टप दिऊ शिळफाट्याला भंगारात."

आत आई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. ती बाहेर आली नाही.

फिटरनं छिन्नी पत्र्यावर टेकवली. मी उठले. माझा हात आईच्याच मापाचा आहे. मी गुपचूप फटीत हात घातला असता, बोल्ट निघाला असता, टप वाचला असता आणि सगळे म्हणाले असते, पोरगी कामाची निघाली. एक क्षण मी तेच करणार होते. मग उंबऱ्यावरचा पाण्याचा ओला गोल दिसला, अजून पुरता न वाळलेला.

मी छिन्नीवर हात ठेवला. फिटर दचकून मागं झाला. काकी म्हणाली, "अगं, ह्या मड्डमला काय झालं?"

माझा आवाज चिरकला. तरी मी थांबले नाही.

"छिन्नी ठेवा खाली. या गाडीचा खालचा पाना आई धरते, नेहमी तीच धरते. काकी, तुम्ही तिला आत पाठवलंत ना? आता तुम्हीच जा आणि तिला बाहेर बोलवा."