पऱ्हे नेणारी बाई

स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं. गोंदियाहून सुटलेल्या गाडीत समोरच्या बाईच्या पायाशी लावणीसाठी उपटलेल्या धानाच्या रोपांच्या, आमच्याकडच्या पऱ्ह्यांच्या, पेंढ्या होत्या. मुळं सुकू नयेत म्हणून ती लोट्यातलं पाणी शिंपडत होती.

"काऊन रडून राहिला, बाबू?"

"विलायतेले हिशेबाची मोठी पदवी घ्याले चाललो. घरी धानाची रोवणी, बाप एकटा. तिरोड्यालेच उतरून वापस जातो."

"पऱ्हं उपटल्याबिगर धानाले लोंब येते काय? बस चूपचाप!"

तिरोड्याला तीच उतरली. पेंढ्या उचलताना त्यांचा चिखल माझ्या नव्या पँटवर सांडला.

बापाला एकटं टाकल्याची टोचणी अजून आहे. पण तो डाग मी धुतला नाही. विलायतेत लेखाशास्त्राच्या पहिल्या तासाला तीच पँट घालून बसलो, आणि प्राध्यापकांनी प्रश्न विचारताच हात वर केला.