तिच्या हातून सोडवलेला संकल्प

देशभर पसरलेल्या एका कामगार महासंघाच्या इंदूरच्या कार्यालयात विश्वकर्मा पूजनाचे पौरोहित्य पुष्कळ वर्षे माझ्याकडे आहे. तेथील एक रीत मला मनापासून आवडते: यजमानाच्या पाटावर नेता बसत नाही, कामगार बसतो. मागच्या पूजेला, सांवेर रस्त्यावरील औषध कारखान्यातून ठेकेदाराने काढून टाकलेल्या बायकांपैकी एक बसली होती. त्यांना परत कामावर घ्यावे ही मागणी महासंघाने हाती घेतली होती. ती निर्जळ उपास करून आली होती.

पूजेपूर्वी महासंघाचे चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, संकल्पात भाईसाहेबांचा निवडणुकीतला विजय घालून टाका. उमेदवार आपलेच आहेत. ते आले की बायकांचं काम अपने आप होऊन जाईल."

एकात दुसरे सामावते, अशी मी मनाची समजूत घातली. संस्कृतात देश-काल उच्चारला, तिचे नाव-गोत्र उच्चारले आणि फळ म्हणून केवळ उमेदवाराचा विजय मागितला. तिने उजव्या तळहातावर पाणी धरले होते. माझ्यामागून "करिष्ये" म्हणत तिने ते ताम्हणात सोडले.

उमेदवार निवडून आले. चिटणीस पेढे घेऊन घरी आले, तेव्हा मी बायकांचे विचारले.

"आता सरकार आपलं आहे, गुरुजी," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "आपल्याच सरकारच्या विरोधात गेटवर धरणं धरून कसं बसायचं? थोडा सबर करायला सांगा त्यांना."

पेढा देवापुढे ठेवला. नंतर तो माझ्याने खाववेना.

गेल्या आठवड्यात ती सुदामा नगरात माझ्या घरी आली. बसा म्हटले तरी बसली नाही.

"गुरुजी, माझं करिष्ये बरोबर नाही निघालं का? सासू म्हणते, तूच पूजेत काही गडबड केली असशील."

चार धीराचे शब्द सांगून तिला परत पाठवणे सोपे होते. पण ती स्वतःत दोष शोधत होती, आणि तो दोष माझ्या जिभेकडून घडला होता. तिच्या गोत्राचा उच्चार करून मी तिच्याकडून काय मागवून घेतले, ते मी तिला स्पष्ट मराठीत सांगितले.

ती देव्हाऱ्याकडे वळली. "म्हणजे पूजा तर फळली," ती म्हणाली. "भाईसाहेबांना."

"ताई, अपराध माझा आहे."

"ते राहू द्या न. परत करू. पण ह्या वेळी मी बोलते, पाणी तुम्ही धरा."

मी आसनावर बसून हात पुढे केला. तिने कारखान्याचे नाव घेतले, मग आपल्याबरोबर काढलेल्या एकेका बाईचे. कोणाची कामाची पाळी कोणती, कोण यंत्राच्या कोणत्या पट्ट्यावर उभी राहत असे, तेही देवाला सांगितले. तिचे बोलणे संपण्यापूर्वीच पाणी बोटांमधून गळून गेले.

तिने ते पाहिले. पळीभर पाणी पुन्हा माझ्या तळहातावर घातले आणि राहिलेली नावे घेऊ लागली.