पांढऱ्याची पारख

लालबागच्या आमच्या चाळीत कोणाकडे नवा टीव्ही आला की शेजारचे काका न बोलावता हजर! संपाआधी ते गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते, त्यामुळे पांढऱ्या रंगाबद्दल शेवटचा शब्द त्यांचाच. "नीळ जास्त झालीय," म्हणत ते सेटिंगमधलं 'कूल' काढून 'वॉर्म' लावतात आणि गिरणीतल्या कापडाचा जुना तुकडा पडद्याशेजारी धरून रंग जुळवतात. परिणामी अख्ख्या चाळीत बातम्या देणारी बाई कावीळ झाल्यासारखी दिसते.

परवा आमच्या टीव्हीची पाळी आली. मी धीर करून म्हटलं, "काका, तुकडाच पिवळा पडलाय."

त्यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"आमच्या मिलचं कापड पिवळं पडत नाय रे."

ते गेल्यावर मी रिमोट उचलला. आई म्हणाली, "राहू दे. उद्या परत बघायला येतील."