डावा घोटा

फुटबॉलच्या अकॅडमीत चाळीस पोरं घेतात, त्यातली दोन पुढं जातात. उरलेली अडतीस कशाला लागतात हे आईबापांना कुणी सांगत नाही. त्या दोघांना सराव मिळावा म्हणून लागतात. रोज समोर कुणीतरी उभं राहायला हवं ना.

गोचीड त्या अडतिसांतला. हे नाव त्याला अकराव्या वर्षीच पडलं, कारण समोरच्याला एकदा धरलं की हा सोडत नसे. उजव्या बाजूचा बचावपटू. पायांत जादूबिदू काही नाही, पण चिवटपणा असा की समोरचा रडकुंडीला यायचा. आणि त्याच्यासमोर रोज उभा असायचा भिंगरी, डाव्या बाजूनं सुसाट पळणारा, अख्ख्या अकॅडमीचा लाडका. सात वर्षं दोघं मैदानावर एकमेकांशी झुंजले आणि एकाच खोलीत झोपले. दोन खाटा, दार न लागणारं कपाट, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले मोजे. भिंगरीची आई भेटायला आली की दोघांसाठी डबा आणायची आणि जाताना गोचिडालाच बजावायची, की याच्याकडे लक्ष दे, याला स्वतःचं काही कळत नाही.

सोळाव्या वर्षी भिंगरीचा डावा घोटा मुरगळला आणि नीट बरा झालाच नाही. फिजिओला कळलं तर घरी पाठवतील, या धास्तीनं त्यानं ब्र काढला नाही. मग रोज सकाळी फिजिओ यायच्या आत गोचीड त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, घट्ट पट्टी गुंडाळायचा आणि वरून दोन मोजे चढवायचा. बाहेरच्या बाजूला, हाडाच्या जरा खाली नुसतं बोट लागलं तरी भिंगरी पांढराफटक पडायचा. ती जागा जगात दोघांनाच ठाऊक होती.

अठरा पूर्ण झाल्यावर दोघांना एकाच दिवशी ऑफिसात बोलावलं. भिंगरी आत अर्धा तास होता. बाहेर आला तो मुख्य संघाचा खेळाडू होऊनच. गोचिडाचं काम चार मिनिटांत उरकलं. सात वर्षं मेहनत केलीस, आम्हाला अभिमान आहे, सामान संध्याकाळपर्यंत हलव. बाहेर बाकावर त्याचे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. लोखंडी गेट बनवायच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारा माणूस, सहीला वडील लागतील म्हणून अर्धा दिवस सुटी टाकून आला होता. त्यांनी पोराचं तोंड पाहिलं. "चल, भूक लागली असेल," एवढंच म्हणाले आणि बॅग स्वतः उचलली. त्या क्षणी गोचिडाला वाटलं, बाबांनी दोन मुस्कटात ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर तो बाबांच्या हाताखाली गेटं घासत होता. पहाटे पळायचा, दिवसभर घासायचा. सहा ठिकाणी चाचणी दिली, पाच ठिकाणी नाव विचारायचीही तसदी कुणी घेतली नाही. सहाव्या ठिकाणी, तळाला गटांगळ्या खाणाऱ्या एका क्लबनं, सहा महिन्यांचा करार दिला. तिथल्या प्रशिक्षकाला सगळे मास्तर म्हणत. मास्तर ओरडायचे नाहीत, हीच त्यांची भीती होती. पाच महिने गोचीड राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिला. एकदाही मैदानात पाय पडला नाही.

आणि मग वेळापत्रकात भिंगरीचा क्लब आला. आदल्या दिवशी मास्तरांनी गोचिडाला खोलीत बोलावलं. भिंतीवर फळा, फळ्यावर अकरा लाल आणि अकरा निळी लोहचुंबकं.

हा तुझ्याच खोलीत राहायचा ना, त्याच्याबद्दल सांग, असं मास्तर म्हणाले. गोचीड भडाभडा बोलत सुटला. आत वळायच्या आधी खांदा पाडतो, दमला की मागे परत येत नाही, पहिल्या दहा मिनिटांत हमखास एकदा बाहेरून पळतो.

"हे आम्हालाही दिसतं," मास्तर म्हणाले. "महिनाअखेरीला तीन जणांना सोडायचंय. तू त्यातला आहेस. अजून काही?"

गोचिडाला वर्कशॉप दिसलं. गेटं दिसली. बाबांचे ठिणग्यांनी लाल झालेले डोळे दिसले. लाज वाटत होती, आणि लाजेच्या वर भीती बसली होती.

"डावा घोटा," तो म्हणाला. "बाहेरची बाजू. हाडाच्या खाली."

मास्तरांनी मान हलवली आणि उजव्या कोपऱ्यातलं एक लाल लोहचुंबक बदललं. गोचीड उद्या खेळणार होता.

दुपारी भिंगरीचा फोन आला. संघाची यादी त्यानं पाहिली होती आणि तो हरखून गेला होता. आईही येतेय बघायला, म्हणाला, सामना झाला की तिघं मिळून जेवू. गोचीड बरं म्हणाला.

सामन्यात पहिली वीस मिनिटं तो सरळ खेळला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण भिंगरी आता पूर्वीचा राहिला नव्हता, दुप्पट झाला होता. दोनदा असा निसटला की गोचिडाच्या हाती वाराही लागला नाही. दुसऱ्या वेळी गोल झाला. मास्तरांनी बाकावरच्या दुसऱ्या बचावपटूला अंग गरम करायला उठवलं. गोचिडानं ते पाहिलं.

पुढच्या वेळी चेंडू दोघांच्या मध्ये होता. चेंडू होताच, सगळ्या जगानं पाहिला. पण गोचिडाचा पाय चेंडूवरून सरकत त्या जागेवर गेला, ज्या जागेवर त्यानं दोन वर्षं पट्टी गुंडाळली होती.

बारीकसा आवाज झाला. भिंगरी गवतात पडला होता, ओठ पांढरे. पंचांचा हात कार्डासाठी खिशाकडे गेला, तसा त्यानं पडल्या पडल्या हात वर केला.

"चुकून झालं, सर. याला कार्ड नका देऊ. हा तसा नाही."

पंचांनी हात खाली घेतला. स्ट्रेचर आलं. प्रेक्षकांत भिंगरीची आई उभी होती. गोचिडानं तिकडे मान वळवली नाही आणि उरलेला सामना तो फार चांगला खेळला.

तीन शस्त्रक्रिया झाल्या. भिंगरी आता चालतो, पळत नाही. गोचिडाला दोन वर्षांचा करार मिळाल्याचं कळल्यावर त्यानं निरोप पाठवला, की मला आधीच माहीत होतं तुझं होणार. गोचीड भेटायला गेला नाही. अजूनही गेलेला नाही. पेपरात पोराचा पहिलाच फोटो आला म्हणून बाबांनी तो कापून वर्कशॉपच्या भिंतीला लावलाय. चेंडू, दोन पाय आणि भिंगरीचं अर्धं तोंड. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबा तो फोटो दाखवतात.

नव्या हंगामात मास्तरांनी गोचिडाला पुन्हा खोलीत बोलावलं. रविवारी ज्यांच्याशी सामना होता त्यांच्या गोलरक्षकाचं चुंबक त्यांच्या हातात होतं.

"हाही तुमच्याच अकॅडमीतला ना?"

"शेजारच्या खोलीतला," गोचीड म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. "त्याचा उजवा खांदा निखळतो."