फुल रेस

जाफराबादचा रामप्रसाद मिस्त्री गिऱ्हाईकाचं ऐकूनच घेत नसे. "डॉक्टर मी का तुम्ही?" एवढं विचारून तो समोरच्याला गप्प करी. शाळेतल्या दीपमाला मॅडमनी लेकीसाठी घेतलेली लहान मुलांची चारचाकी बाइक, तीही जुनी, गॅरेजात आणली तेव्हाही तेच झालं.

"मिस्त्री, पोरीच्या हाती द्यायच्या आधी एकदा तपासा. आणि एक सांगायचं होतं..."

"ते मंग सांगा. डॉक्टर मी का तुम्ही?"

त्यानं प्लग काढून तिथं इंजिनातला दाब मोजायचा कॉम्प्रेशनचा गेज लावला, हँडलवरचा रेसचा खटका अंगठ्यानं फुल दाबला आणि स्टार्टर मारला. काटा निम्म्यावरच थांबला.

"इंजिनात दम न्हाई मॅडम. पिस्टनच्या रिंगा गेल्या बिलकुल. फसवलं तुम्हाला."

विकणाऱ्याला शिव्या घालतच त्यानं इंजिन खोललं. पिस्टन हातात आला, तसा त्यानं तो उजेडात धरून फिरवून पाहिला. पिस्टनवर ओरखडा नव्हता, रिंगा कोऱ्या होत्या, सिलिंडरला झीज नव्हती. मग दम गेला कुठं? त्यानं रेसचा खटका पुन्हा दाबला आणि या वेळी खाली वाकून पाहिलं. एक बारीकसा स्क्रू खटक्याला अर्ध्यातच अडवत होता. फुल म्हणून दाबलेली रेस अर्धीच होती; इंजिनाला पुरती हवाच मिळाली नव्हती, म्हणून काटा निम्म्यावर थांबला होता.

"हा स्क्रू कुणी आवळला?" त्यानं विचारलं.

"मीच आवळून घेतला. पोरगी लहान आहे, जोरात पळवू नये म्हणून." मॅडम सुट्या पडलेल्या इंजिनाकडे बघत राहिल्या. "तेच तर सांगत होते, डॉक्टर."