पंधरा उसने नातेवाईक

तिचं नाव मान्था होतं, हे मला फार उशिरा कळलं. तोवर आम्ही सगळे तिला थ्रात्ता म्हणायचो, म्हणजे उत्तरेकडच्या थ्रेस मुलखातली बाई. अथेन्समध्ये अशा थ्रात्ता घरोघरी होत्या. एक हाक मारली की चौघी वळून बघत, आणि आम्हाला त्यात सोयच वाटायची.

ही आमच्या कुंभारवाड्याच्या वेशीपाशी उकडलेले चणे विकायची. मूळची एउदिकोस चामडेवाल्याच्या घरची गुलाम. त्याची पोरं तिने वाढवली, म्हणून त्याने तिला आणि तिच्या मुलीला मोकळं केलं. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत हरणं गोंदलेली होती. त्यांच्याकडे ते खानदानी बायकांचं लक्षण. आमच्याकडे पळपुट्या गुलामाला गोंदतात. त्यामुळे गिऱ्हाईक आधी तिचे हात बघायचं आणि मग मूठभर चणे जास्तीचे मागायचं.

मुलगी मेजवान्यांतून बासरी वाजवायची. लोक तिला मेलित्ता म्हणत. नौसिमेनेस नावाच्या बड्या असामीच्या घरी एका मेजवानीत तिने सूर चुकवला, किंवा त्याचा हात झिडकारला. सांगणारे दोन्ही सांगतात. त्याने तिपाई फेकून मारली. पोरगी कशीबशी घरी आली आणि पहाटे गेली. नौसिमेनेस म्हणाला, जिन्यावरून पडली. त्याच्या घराला जिना नाही.

आमच्याकडे खून झाला की रीत ठरलेली आहे. मयताच्या नात्यातला पुरुष प्रेतापुढे भाला धरून चालतो आणि थडग्यापाशी पुकारा करतो: अमक्याने मारलं, त्याने पाण्याला शिवू नये, बाजारात फिरू नये, देवळात पाऊल टाकू नये. आधी पुकारा, मग खटला. मान्थाच्या घरात पुरुष नव्हता. ती एउदिकोसकडे गेली.

"हे बघ थ्रात्ता," तो म्हणाला, "पोरगी माझी गुलाम असती तर मालक म्हणून मी पुकारा केला असता. नात्यातली असती तर नातेवाईक म्हणून केला असता. पण तुम्ही आता मोकळ्या. मोकळ्या बाईचं कोण करणार?"

"मग मला परत गुलाम करून घ्या."

"त्याचा काय उपयोग? ती मेली तेव्हा मोकळीच होती ना."

कायद्याने त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या मते तेच वाईट होतं. पोरीला भाल्याशिवाय पुरलं, आणि मान्था पुन्हा चणे विकायला बसली. तिला दुसरं काही नको होतं. कुणीतरी नागरिकाने चारचौघांत पुकारा करावा, एवढंच.

त्याच हिवाळ्यात वसंतातल्या उत्सवाच्या नाटकासाठी मला गाणाऱ्या वृंदात घेतलं. नाटक थ्रेसच्या एका राणीचं. आपला राजा तिला पकडून आणतो, तिच्या भावाला मारतो. ती भर मेजवानीत राजवाड्याला आग लावते. आम्ही पंधरा दाढीवाले तिच्या दासी. आमच्या बाह्यांवर हरणं रंगवली होती. नगराच्या रिवाजाप्रमाणे वस्त्रांचा, मुखवट्यांचा आणि तालमीतल्या जेवणाचा खर्च एका श्रीमंताच्या गळ्यात पडतो. या वेळी तो नौसिमेनेसच्या गळ्यात पडला होता. जेवण चांगलं असायचं, खोटं कशाला बोलू.

राणीच्या भावासाठी आम्ही रडायचो, त्या रडण्यावर मात्र नाटक लिहून बसवणारा कवी वैतागला. "तुम्ही रडता की जावई मुक्कामाला आल्यावर सासरा रडतो?" त्याला खरा परदेशी विलाप हवा होता. तो वेशीवर गेला आणि चणेवालीला टोपलीसकट घेऊन आला.

तिने आमचं ऐकून घेतलं. "दादा, हे पोटदुखीचं रडणं झालं. मेलेल्यासाठी रडायचं तर त्याचं नाव लागतं." आणि तिने तिच्या भाषेत एक विलाप सांगितला. लहानसाच होता, पण जीभ पार मुरगळून टाकणारा.

"अर्थ काय याचा?" कवीने विचारलं.

"मेलेल्याच्या नात्यातले म्हणतात ते."

"अस्सं."

"आणि पुढच्याच्या हातात भाला हवा."

कवी खूश झाला. "बघा, रानटी लोकांतसुद्धा आपल्यासारखीच रीत!" पुढचा म्हणजे मी. माझ्या हातात भाला आला.

एका तालमीला नौसिमेनेस आला होता. त्याने डोळे पुसले, जाताना मान्थाच्या पाठीवर थाप मारली. "थ्रात्ता, हे ऐकून दगडालाही पाझर फुटेल."

"तेवढं नको, मालक. ऐकू गेलं तरी पुरे."

मी चाकावर बसूनसुद्धा विलाप घोकायचो. माझ्या भट्टीवर सितास नावाचा म्हातारा गुलाम होता, तोही थ्रेसचाच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या हातातलं लाकूड हातातच राहिलं, भट्टी निवली आणि अख्खी भाजणी वाया गेली. मी चार शिव्या हासडल्या. तो म्हणाला, "मालक, तिसरा शब्द चुकतोय. असा म्हणा." रोज तो माझे उच्चार घासूनपुसून घ्यायचा. मला वाटलं, म्हाताऱ्याला गावची आठवण आली असेल.

नाटकाच्या दिवशी ज्याचा उत्सव त्या मद्याच्या देवाची मूर्ती समोर, सगळं नगर बसलेलं. भाला उंच धरून मी पुढे झालो आणि पंधरा जणांनी तो विलाप म्हटला. खालचे मानकरी हुंदके देत होते. वरच्या टोकाला पोरांना घेऊन आलेल्या दाया आणि हमाल होते, ते एकेक करून उभे राहिले, आणि संपेपर्यंत उभेच होते. आम्हाला पहिला मान मिळाला. नौसिमेनेसच्या डोक्यावर आयव्हीच्या वेलीचा मुकुट चढला.

दुसऱ्या दिवशी सितासने अर्थ सांगितला. "ज्याने आम्हाला ही वस्त्रं नेसवली, त्याने झियाला मारलं. त्याने पाण्याला शिवू नये, बाजारात फिरू नये, देवळात पाऊल टाकू नये." झिया हे मेलित्ताचं घरातलं नाव.

मी तडक वेशीवर गेलो. "माझ्या तोंडून म्हणवलंस तू हे?"

"मग काय माझ्या तोंडून? ते कोण मोजतं?"

"पण कळलं कुणाला?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळलं. आणि देवाला."

"आमच्या देवाला तुझी भाषा येते होय?"

"तुमचा कुठला, दादा? तो आमच्या डोंगरातून आलाय. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

शेजारचा माठवाला मध्ये तोंड घालून म्हणाला, "नाटकातल्यासारखी आगबिग लावणार नाहीस ना, बाई?"

"राजवाडा जाळायला राणी लागते," मान्था म्हणाली. "मला उद्याचे चणे भिजवायचेत."

त्यानंतर नौसिमेनेसला बाजारात मासा मिळेनासा झाला. आमच्या बाजारात मालक सावलीत बसतात आणि विकतात ते थ्रेसचे लोक. तो आला की मासा नेमका संपलेला असायचा. न्हाव्याकडे त्याच्यापुरतं पाणी नसायचं. त्याच्या तान्ह्या पोराला ठेवलेली दाई आजारी पडली, मग दुसरी पडली. ज्यांना कायद्यात जागा नव्हती, ते कायदा पाळत होते. त्याला काही उमगेना. आम्हा बाकीच्या नागरिकांचा त्याच्याशी रामराम चालूच होता.

मग एके दुपारी तो माझ्याकडे आला. विजयाची रंगीत पाटी करून देवळात लावायची होती. असं गिऱ्हाईक कुंभाराच्या नशिबात एखाद्याच वेळी असतं. तो बाकावर टेकला, घाम पुसला.

"मिकोन, पाणी दे रे जरा. घसा सुकलाय."

सितासने भट्टीत लाकूड सारणं थांबवलं. रांजण माझ्या कोपराशीच होता, काठोकाठ भरलेला, बाहेरून पाझरत असलेला.

"पाणी नाही," मी म्हणालो.

त्याने रांजणाकडे बघितलं. "मग हे काय आहे?"

"हे आहे. तुमच्यासाठी नाही."

"म्हणजे?"

मी उठलो, दाराशी गेलो म्हणजे गल्लीतल्यांनाही ऐकू जाईल, आणि तोच विलाप पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्या साध्या भाषेत म्हटला. नावांसकट.

सितासने या वेळी एकही शब्द दुरुस्त केला नाही.